पाहुणा मागे आहे

४ नोव्हेंबर

सिलिंडर नाही म्हणून गाडीला प्रवेश नाही! जुन्या गाड्यांच्या क्लबातून फोन होता. सेक्रेटरी अगदी साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, गाडी कितीही देखणी असो, आग विझवायचा सिलिंडर आत नसेल तर मिरवणुकीत घेता येत नाही." माझ्या तोंडून निघून गेलं, "आहे की." मग आठवलं. नाही. कित्येक वर्षं नाही.

यांच्या गाडीत सिलिंडर नाही! जो माणूस घराबाहेर पडताना गॅसचा नॉब स्वतः फिरवून बघायचा, आणि जिना उतरून पुन्हा वर यायचा बघायला — त्याच्या गाडीत! सगळं आयुष्य दुकानदारांची वजनमापं तपासण्यात गेलं. कुणाचा काटा केसभर जरी सरकलेला असला तरी यांना तो दुरून दिसायचा. आणि स्वतःच्या गाडीत मात्र ती जागा रिकामी. पट्टा तसाच लोंबतो आहे अजून, मागच्या सीटच्या पुढे.

चिरंजीव म्हणाले, "आई, ही शेवटची मिरवणूक. मग गिऱ्हाईक येऊन बघून जाईल. मला ठेवायला जागा नाही, तुला चालवायला गुडघे नाहीत."

खरं आहे. गुडघे नाहीतच.

पण गाडी गेली की माझा प्रश्नही तिच्याबरोबर जाईल. हे जाऊन वर्ष झालं, त्यांना आता विचारता येत नाही. निदान गाडी समोर आहे तोवर वाटतं, कधीतरी कळेल. इथे लिहिते, कारण मोठ्यानं कधी विचारला नाही — गाडी पेटली त्या दिवशी आत यांच्याबरोबर कोण होतं?


५ नोव्हेंबर

झोप नीट लागली नाही. जुनं सगळं वर आलं.

गाडी घेतली तेव्हा आमचं नवं नवं होतं. एका डॉक्टरांची वापरलेली, दुधी रंगाची, गोल दिव्यांची. पुढून बघितलं की कुणीतरी आश्चर्यानं डोळे मोठे केलेत असं वाटायचं. गाडी आली त्याच दिवशी हे लाल सिलिंडर घेऊन आले आणि माझ्या पायांशी ठेवला. मी वैतागले. "पहिल्यांदाच दोघं फिरायला निघालोय, तर हा तिसरा कोण?"

हे म्हणाले, "पाहुणा आहे."

"पाहुणा?"

"हो. बोलत नाही, खात नाही, आपल्यात लुडबुड करत नाही. वेळ आली तर धावून येतो. तुझ्या माहेरचा एक तरी पाहुणा असा आहे का?"

मी दिवसभर बोलले नाही. संध्याकाळी हसू फुटलं. तेव्हापासून तो पाहुणाच झाला. निघताना हे विचारायचे, "पाहुणे बसले का?" मी म्हणायचे, "बसले." मुलगा झाल्यावर पाहुण्याला मागे हलवलं, सीटच्या पुढे पट्ट्यानं बांधून. मग प्रश्न झाला, "पाहुणा मागे आहे ना?" बाहेरचं कुणी ऐकलं असतं तर वेडंच म्हटलं असतं आम्हाला. घरातल्या कितीतरी शब्दांना घराबाहेर अर्थच नसतो.

आणि ते हातमोजे. पहिल्या थंडीत विणले मी, गडद निळ्या लोकरीचे. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी शिकवलेलं विणकाम. एक टाका सुटला की अख्खी ओळ उसवायला लावायच्या! हे गाडी चालवताना तेच घालायचे. उतरले की काढून पाहुण्याच्या डोक्यावर, त्या दांड्यावर अडकवून ठेवायचे. "त्याला थंडी वाजते," म्हणायचे. लहान मूल असल्यासारखे.

आगीनंतर ते हातमोजे दिसले नाहीत. जळाले असणार.


६ नोव्हेंबर

काही नाही. कपाटं आवरली. यांचा एक शर्ट अजून कपाटात आहे, तो तसाच ठेवला.


८ नोव्हेंबर

मिस्त्री आले. गाडीचं सगळं पहिल्यापासून तेच बघत आले आहेत. बॉनेट उघडून डोकं आत घातलं की माणूस तासभर बाहेर येत नाही. आतूनच बोलतात.

"वहिनी, साहेबांना किती वेळा म्हटलं, नवा सिलिंडर बसवतो. जुनी गाडी, पेट्रोलची रबरी नळी, कधी तडकेल सांगता येत नाही. तर म्हणायचे, नको."

"का नको?"

"एकदा म्हणाले, तो गाडीत असला की माणसं जळतात." मिस्त्रींनी डोकं बाहेर काढलं. नाकावर काळा ठिपका. "आता सांगा! सिलिंडरनं कधी कुणी जळतं का? पाणी प्यायल्यानं तहान लागते म्हणण्यासारखं झालं हे."

मी चहा करायला आत गेले.

तो दिवस मी पाहिलेला नाही. मी माहेरी होते, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मुलगाही माझ्याबरोबर. परत आले तर गाडी दारात, बॉनेट काळं पडलेलं, आत छताचं कापड जळून लोंबत होतं, पुढची सीट फोडून काढलेल्या फणसासारखी. हे म्हणाले, "घाटात वायर जळाली. माती टाकून विझवली. लोकांनी मदत केली." बस. एवढंच. तोंड धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

त्यानंतर गाडी दुरुस्त झाली. सिलिंडर परत आला नाही. आणि यांना ती सवय लागली. गाडी थांबवली की उतरायचं, मागचं दार उघडायचं, आत वाकून म्हणायचं, "आत कोणी नाही ना?" आम्ही सगळे बाहेर उभे! मुलगा ओरडायचा, "भूत आहे, बाबा, भूत!" हे हसायचे नाहीत. दार हळू लावायचे.


९ नोव्हेंबर

मिस्त्रींनी गॅरेजच्या माळ्यावरून एक गाठोडं काढलं. यांच्या जुन्या शर्टात गुंडाळलेलं. आत पाहुणा.

एक बाजू काळी. रंगाचे फोड. पण दांड्यातली पिन जागच्या जागी, तिचं सील न तुटलेलं.

"वापरलाच नाही की हा!" मिस्त्री म्हणाले. "आग लागली, सिलिंडर गाडीत होता, आणि साहेबांनी वापरलाच नाही?"

मी शर्टाची घडी घातली. जळका वास अजून आहे त्याला.


११ नोव्हेंबर

वन्सं येऊन गेल्या. यांची धाकटी बहीण, पण तोंडानं सगळ्यांत थोरली.

"विकतेस ते बरंच आहे. मी तर बसतच नव्हते त्या गाडीत." मग खुर्ची जरा पुढे ओढली. ती खुर्ची पुढे आली की समजायचं, काहीतरी टोचणारं येतंय. "आता दादा नाही, म्हणून बोलते. तो त्या दिवशी एकटा नव्हता, माहीत आहे ना तुला? गाडी ओढून आणणारा माणूस सांगत होता. सगळे ओरडत होते म्हणे, आत कोणीतरी आहे, मागे कोणीतरी आहे."

"मग ते कोणीतरी गेलं कुठं, वन्सं?"

"तेच ना! उतरून चालतं झालं असेल. ज्याला दिसायचं नसतं ते माणूस उतरतंच." चहाचा घोट घेतला. "आणि त्यानंतर दादा बसनं सारखा कुठे जायचा? रजा टाकून? कामाला? कसलं काम?"

हो, तेही खरं. त्या महिन्यांत हे बसनं कुठेतरी जायचे. संध्याकाळी थकून यायचे. "काम होतं." मी विचारलं नाही. माझी आई म्हणायची, "नवऱ्याच्या गप्प बसण्यात डोकावू नकोस." पण माझ्यानं न डोकावणं झालं नाही. आतल्या आत डोकावतच राहिले.

आयुष्यात सगळ्यांत जास्त हसले ती यांच्याबरोबर, आणि मनात एक दार सतत किलकिलं. असंही जगता येतं!

वन्सं जाताना म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नकोस हं." नाही वाटून घेतलं. वाटलंच आपोआप.


१३ नोव्हेंबर

नवा सिलिंडर आला. लाल, चकचकीत. मिस्त्रींनी जुन्या पट्ट्यातच बसवला, मागच्या सीटच्या पुढे. "घट्ट बसला," म्हणाले.

मी सहज बोलून गेले, "पाहुणा मागे बसला."

मिस्त्री हसले. मला नाही हसू आलं. ते वाक्य इतक्या वर्षांनी माझ्याच आवाजात ऐकलं आणि अंगावर काटा आला. जणू गाडीनं कान टवकारले.


१४ नोव्हेंबर

चिरंजीव गाडी फिरवून आणायला निघाले, मी शेजारी बसले. सूनबाई म्हणाली, "आई, स्वेटर घ्या, काचा वर होत नाहीत." घेतला.

मिस्त्रींचं घट्ट म्हणजे नाहीच. रस्त्यात खड्डा आला की मागे टक. वळणावर टक टक. कुणीतरी बोटानं सीटच्या पाठीवर वाजवावं तसं — अहो, अहो, जरा ऐका.

मी आरशात बघितलं. सीट रिकामी. कापडाला फक्त मध्ये जरा खोलगट भाग पडलेला. मुलगा लहानपणी तिथेच उड्या मारायचा, त्याचाच खड्डा असेल. चिरंजीवांना विचारलं, "मागे काही आहे का रे?"

"पाहुणा आहे, आई!" आणि हसला. अगदी बापासारखा.

घरी आल्यावर मीच मागचं दार उघडलं. वाकले. गुडघे कुरकुरले. आणि म्हटलं — मोठ्यानं — "आत कोणी नाही ना?"

का म्हटलं, देव जाणे.


१६ नोव्हेंबर

मिरवणूक झाली. ऊन छान, पण वारं बोचरं. गाडी छान चालली, फक्त एकदा चौकात रुसली. बघणारी मंडळी टाळ्या वाजवत होती आणि चिरंजीव घामानं डबडबलेले. "म्हातारे, आता नको गं, घरी गेल्यावर रुस!" हे गाडीला म्हणत होता की मला, कळलं नाही.

मैदानावर गाड्या ओळीनं लावल्या. लोक पुढे उभे राहून फोटो काढत होते, गोल दिव्यांशी. एक माणूस मात्र मागे उभा. माझ्याहून थोडा मोठा असेल. मफलर कानाला गुंडाळलेला, हात खिशात. गाडीच्या पुढे आलाच नाही. मागच्या काचेला चिकटून आत बघत होता. बराच वेळ. मला वाटलं, जुन्या गाडीचा शौकीन.

मी जवळ गेले. "आतून बघायची आहे का? दार उघडू?"

तो दचकून मागे सरकला. "नको, नको! उघडू नका, ताई."

मग खिशातून हात काढले. दोन्ही हात मनगटापर्यंत गुळगुळीत, चकचकीत, भाजून बरे झालेले. बोटं नीट वळत नव्हती.

"घाटातली ना ही गाडी?" तो म्हणाला. "दुधी रंगाची. पाठीमागचा हा पोचा ओळखीचा आहे. मी दूधगाडी चालवायचो त्या रस्त्यावर. एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा."

"त्या दिवशी आत राहिले होते ते पाहुणे — वाचले का हो?"

तेवढ्यात क्लबाचे लोक आले, फोटोसाठी, चिरंजीव "आई, इकडे, इकडे!" आणि गर्दीत तो माणूस चालायला लागला. मी अक्षरशः धावले. गुडघ्यांसकट! पदर धरावा तसं त्याच्या मफलरचं टोक धरलं आणि पत्ता सांगितला. "घरी या. नक्की या. मी तुम्हाला सगळं सांगते."

तो "बघतो" म्हणाला. बघतो म्हणजे येत नाही.


१७ नोव्हेंबर

आला नाही.


१८ नोव्हेंबर

आला नाही. दाराची घंटा वाजली की मी उठते. एकदा कुरियर, एकदा वन्सं. दोघांत कुरियर बरा.


१९ नोव्हेंबर

आला! सकाळी, मी दळलेलं पीठ डब्यात भरत होते तेव्हा. हात पांढरे तसेच दार उघडलं.

बसायला सांगितलं तर खुर्चीच्या टोकावर बसला. सूनबाईनं दिलेला चहा दोन्ही तळव्यांत कप धरून प्यायला. मी काही विचारायच्या आधीच बोलायला लागला. किती वर्षं आत साठवलेलं असेल, सरळ बाहेर आलं.

घाटात वळणावर ही गाडी पेटलेली. पुढून धूर. साहेब बॉनेटशी माती टाकत होते आणि ओरडत होते, "पाहुणा मागे आहे! पाहुण्याला काढा! अरे कोणीतरी पाहुण्याला काढा!"

"मी आणि माझा जोडीदार दूधगाडीत होतो. उडी मारली. जोडीदार म्हणाला, नको, टाकी फुटेल. पण आत माणूस आहे म्हटल्यावर? मी मागचं दार उघडलं. धूर एवढा की स्वतःचा हात दिसेना. चाचपडत होतो. वरून छताचं कापड पेटून हातावर गळत होतं, मेणासारखं. आणि हात लागला, ताई. माणसाचा हात. मी बोटं धरली, ओढलं — आणि सुटला."

मी हाताचं पीठ चोळत राहिले.

"जोडीदारानं मला ओढून बाहेर काढलं. मी रस्त्यात पडलो. साहेब धावत आले. माझ्याशेजारी गुडघ्यावर बसले. मी म्हटलं, हात धरला होता, सुटला. रडत होते हो, एवढा मोठा माणूस. म्हणाले, 'अहो, पाहुणा म्हणजे —' आणि पुढचं मला ऐकू आलं नाही. शुद्ध गेली. जोडीदारानं दूधगाडीत घातलं आणि नेलं. मोठं हॉस्पिटल, मग दुसरं शहर. तिथंच राहिलो मुलीकडे. आता तिच्याबरोबरच परत आलो."

कप खाली ठेवला. "पाहुणा म्हणजे कोण? हेच मला एवढी वर्षं कळलं नाही. साहेबांचे वडील? भाऊ? कोणीतरी म्हातारं माणूस असेल असं मी धरून चाललो. रोज धरतो त्यांचा हात. रोज सुटतो."

मी उठले. पीठ लागलेल्या हातांनीच गॅरेजात गेले आणि जुना पाहुणा घेऊन आले. जड आहे, पण मला वाटला नाही. त्याच्या पुढ्यात टेबलावर ठेवला.

"हा," मी म्हटलं. "पाहुणा म्हणजे हा."

त्याला कळेना. मी सगळं सांगितलं. आमचं नवं नवं होतं तेव्हाचं, माझं रुसणं, तिसरा कोण, माहेरचे पाहुणे, सगळं. आमचा घरातला शब्द. बाहेरच्या जगात तो गेला त्या एका दिवशी, तोही ओरडून, आणि एका भल्या माणसानं खरा धरला.

त्यानं भाजलेल्या हातानं सिलिंडरच्या काळ्या बाजूवरून हात फिरवला. हळूच. आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवावा तसा.

"कोणी नव्हतं?"

"कोणी नव्हतं, भाऊ. हे एकटेच होते."

ते वाक्य मी त्याला सांगत होते. पण ऐकत मीच होते. हे एकटेच होते! मागे कोणीतरी आहे असं लोक ओरडले, ते यांचंच वाक्य उचलून. हे बसनं कुठे जायचे तेही आता कळलं मला. हॉस्पिटलं शोधत फिरत असणार. एक वाक्य पूर्ण करायचं राहिलं होतं ना! "पाहुणा म्हणजे —" मला का नाही सांगितलं? लाज वाटली असेल. आपल्या चेष्टेच्या शब्दानं एक माणूस जळला, हे बायकोला कसं सांगणार, जिच्याबरोबर ती चेष्टा केली तिला?

मी रडायला लागले. पिठाचे हात डोळ्यांना. तोही रडला. सूनबाई आत आली, दोन पिठाळलेली — तो नाही, मीच — रडणारी माणसं आणि मधे टेबलावर सिलिंडर बघून तशीच परत गेली.

मग तो थांबला. "पण ताई, हात?"

"कसला हात?"

"मला हात लागला होता. लोखंड नव्हतं ते. बोटं होती. मऊ. मी धरली ती, खोटं नाही सांगत."

आणि मला आठवलं! हातमोजे! माझे निळे लोकरीचे हातमोजे, पाहुण्याच्या डोक्यावर अडकवलेले. त्याला थंडी वाजते म्हणून! मी त्याला सांगितलं. धुरात चाचपडताना मऊ बोटं लागणारच, ओढल्यावर सुटणारच. हातमोजाच तो. मीच विणलेला.

त्यानं डोळे मिटून घेतले. मग म्हणाला, "हातमोजा." पुन्हा म्हणाला, "हातमोजा." आणि जोरात हसला. पाठीवरचं पोतं टाकल्यावर हमाल हसतो तसा.

जाताना दारात म्हणाला, "आज मी झोपणार, ताई."

मीही.


२० नोव्हेंबर

झोपले! सकाळी सूनबाईनं उठवलं. "आई, बरं आहे ना? एवढा उशीर!" बरं आहे गं. खूप बरं आहे.

गॅरेजात जाऊन गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. यांच्याशी भांडले थोडी. "सांगितलं असतं तर एकत्र शोधलं असतं की." मग क्षमाही मागितली, आतल्या आत केलेल्या सगळ्या चौकशांची. सिस्टर म्हणायच्या, मनातल्या मनात केलेला संशयसुद्धा धुवावा लागतो. आज धुतला.

वन्संना फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे शांतता! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग म्हणाल्या, "तरी मी म्हणतच होते, दादा तसा नव्हता." म्हणतच होत्या म्हणे!


२२ नोव्हेंबर

गिऱ्हाईक आलं. गाडीभोवती फिरलं, टायरला लाथ मारून बघितलं. टायरला लाथ का मारतात, मला कधी कळलं नाही.

मी चिरंजीवांना बाजूला घेतलं. "विकायची नाही."

"आई! ठेवणार कुठे?"

"आहे तिथेच. मला आता तिची भीती वाटत नाही."

"भीती? तुला कधी वाटत होती भीती?"

गिऱ्हाईकाला चहा पाजून वाटेला लावलं. चिरंजीव जरा रुसले, मग संध्याकाळी स्वतःच गाडी पुसायला गेले. मागचं दार उघडून म्हणाले, "आत कोणी नाही ना?" आणि दोघं हसलो. पहिल्यांदा, त्या वाक्यावर.


२४ नोव्हेंबर

दूधगाडीवाल्या भाऊंचा फोन. म्हणाले, रोज झोप लागते आहे. मुलगी म्हणते, बाबा आता ओरडत नाहीत. फक्त थंडीत हात दुखतात, बोटांच्या टोकांना वारं लागलं की.

ठरवलं. त्यांच्यासाठी हातमोजे विणायचे. तसेच, गडद निळे. बोटं जरा आखूड ठेवावी लागतील. उद्या लोकर बघते, जुनी थोडी उरलेली आहे कुठेतरी.


२५ नोव्हेंबर

लोकर मिळाली. शिवणाच्या टोपलीत, अगदी तळाशी, सगळ्या चिंध्यांच्या खाली.

उरलेली लोकर नव्हती. हातमोजे होते. दोन्ही. कुठेही जळलेले नाहीत. उजव्याचा अंगठा उसवलेला, आणि त्यात माझी सुई, दोरा ओवलेला, गंजून लोकरीला चिकटलेली. आता आठवलं. माहेरी जायच्या आदल्या दिवशी शिवायला घेतले, आईचा फोन आला, तसेच ठेवून निघाले. त्या दिवशी हे उघड्या हातांनी गाडी चालवत होते. पाहुण्याच्या डोक्यावर काही नव्हतं.

भाऊंना सांगणार नाही. त्यांना झोप लागते आहे.

हे दार उघडून विचारायचे, तेव्हा आम्ही सगळे बाहेर उभे असायचो. सगळे दिसत असायचो त्यांना. तो प्रश्न आम्हाला नव्हताच.